आक्काचा पितळी डबा

"वैनी, तुझ्या आईचा पितळी डबा कुठं हाय गं? फळीवर दिसंना."

वन्संचा आवाज कुडातून सरळ माझ्या चुलीपाशी आला आणि माझ्या हातातलं उलथनं जागच्या जागी थांबलं. कढईत नाचणीचं पीठ भाजत होतं. पलीकडे माझ्या थोरल्या जावेच्या, हौसाक्काच्या, स्वयंपाकघरात साखरपुड्याची गडबड चालली होती. तिच्या अंजीला बघून पाहुण्यांनी पसंत केलं होतं आणि त्या दिवशी दुपारी ते कुंकू लावायला येणार होते.

"असंल गं कुठंतरी," आक्का म्हणाली.

"असंल कुठंतरी? अंजीच्या आज्जीचा डबा हाय त्यो. नातीच्या साखरपुड्याला नाय काढायचा तर कवा काढायचा? पाव्हण्यांस्नी लाडू कशात घालून देणार हाईस?"

"नवा स्टीलचा हाय की."

"स्टीलचा ऱ्हाऊ दे तुझा. मी हुडकतो." आमच्या आजऱ्याकडच्या बायका ‘येतो’, ‘जातो’, ‘हुडकतो’ असंच बोलतात, पण वन्संच्या तोंडी ते जरा जास्तच शोभायचं. दोन्ही भावांना त्यांचा धाक होता.

डबा माझ्याकडे होता. माझ्या डोक्यावरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे, चिंचेनं घासून लख्ख केलेला. वर्ष होत आलं होतं त्याला.

पीठ करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले.

आमचं घर एकच होतं, कौलारू आणि लांबट. वाटण्या झाल्या तेव्हा मधोमध कूड घातला, काठ्यांचा, वरून शेणमातीनं लिंपलेला. पुढचा सोपा थोरल्यांना, मागच्या परड्याकडची बाजू आम्हाला. दोन चुलींच्या मधे एक लहान दार ठेवायचं असं आक्का म्हणाली, अडीनडीला असू दे म्हणून. मी म्हटलं, असू दे, पण कडी माझ्या बाजूनं. माझ्या भांड्यात काय शिजतंय ते कुणी येऊन बघावं असं मला नको होतं.

वाटण्या कशावरून, तर दुधावरून. एकत्रात असताना एकदा माझी कुसू दुधासाठी रडत होती आणि आक्कानं दूध विरजणाला लावलं होतं. सोप्यात चार माणसं बसलेली असताना मी मोठ्यानं म्हणाले, "ह्या घरात माझ्या पोरीला वाटीभर दूध मिळंना." बोलताना मला फार बरं वाटलं. भावाभावांत जुंपली आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. दुभती म्हैस थोरल्यांकडे गेली. आमच्या वाट्याला गाभण रेडी आली.

नव्या चुलीवर मी पहिला भात चढवला त्या दिवशी मधल्या दारावर थाप पडली. आक्का होती. हातात डबा. आत रव्याचे लाडू, साजूक तुपातले, वर एकेक बेदाणा.

"नव्या चुलीपाशी गोड असावं," ती म्हणाली. "डबा सावकाश दे."

डब्यावर तिच्या आईचं नाव कोरलेलं होतं. आई लहानपणीच गेलेली. माहेरचं म्हणून आक्काकडे तेवढं एकच भांडं होतं. तिनं स्टीलचा डबा न आणता हाच का आणला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी आपली लाडूच बघत राहिले. एवढं तूप ती घालू शकते हे मला दाखवायला आलीय, असंच मला वाटलं. माझं तेव्हाचं डोकं त्याच बाजूनं चालायचं.

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण घालतात. आता साजूक तुपातल्या लाडवांच्या बदल्यात मी चिमूटभर साखर पाठवायची? त्यापेक्षा मी मान कापून दिली असती. मी ठरवलं, रेडी व्याली की पहिल्या चिकाचा खरवस करायचा, वेलची घालून, आणि डबा काठोकाठ भरून द्यायचा. आक्काला दाखवायचं की आमच्याकडेही आहे.

थंडीत रेडी गाभडली, दिवस भरायच्या आधीच गाभ गेला. त्या दिवशी आमचे मालक गोठ्यात बसून राहिले आणि मी घरात.

मग डबा राहूनच गेला. एवढे दिवस ठेवून घेतल्यावर आता काहीतरी जास्तच चांगलं द्यायला हवं होतं, आणि घरात तर कमीच कमी होत चाललं होतं. कुसूला मी भाताची पेज पाजायचे, कधी गुळाचा कोरा चहा. शेजारपाजारी कुणी विचारलं तर सांगायचे, दूध पुरतं की आम्हाला. आक्का विहिरीवर दिसली की मी घागर घेऊन चिंचेखाली थांबायचे आणि ती गेल्यावर पुढे जायचे. सुरुवातीला ती माझ्याकडे बघायची, काहीतरी विचारल्यासारखी. नंतर नंतर तीही बघेनाशी झाली. डब्याचा राग, मला वाटलं. तोंडानं मागत नाही, पण मनात धरून बसलीय.

वर आणखी त्यांची मनी होती. दुपारी पुरुषमाणसं शेतात गेली, पोरगी झोपली आणि मी जरा पाठ टेकली की मधलं दार हळूच हलायचं. कडी किंचित वाजायची. मी पडल्या पडल्याच खेकसायचे, "हाड! हाड मेले! लाज न्हाई वाटत? वाटण्या झाल्या तरी हितंच तोंड घालाय येतीस? तुझं हितं काय ठेवलंय?" मग दार गप्प व्हायचं. ती मांजर दिवसेंदिवस नुसती फुगत चालली होती. परड्याच्या भिंतीवर पाय पसरून पडायची तेव्हा पोट खाली लोंबायचं. बघा, माझ्या पोरीच्या हाताच्या काड्या झाल्यात आणि ह्यांचं मांजर बघा, असं मी मनाशी म्हणायचे. मालकांनाही म्हणायचे.

तर त्या साखरपुड्याच्या दिवशी, आता काहीही करून डबा द्यायचाच, असं ठरवून मी पहाटेपासून नाचणीचे लाडू करायला बसले होते. तूप नव्हतं. गूळ होता. नुसत्या गुळाच्या पाकात भाजलेलं पीठ वळायचं, एवढंच. पाक एकतारी झाला की लगेच उतरवावा लागतो. पण पलीकडे वन्सं डबा हुडकत होत्या. उतरंड हलवल्याचा आवाज आला, मग पेटी उघडल्याचा. "वैनी, कुणाला दिला होतास काय?" त्या विचारत होत्या, आणि आक्का काय उत्तर देते ते ऐकायला मी कुडाला कान लावून उभी होते.

"आठवंना बघ," आक्का म्हणाली.

मी चुलीशी परत आले तोवर पाकाची गोळी होऊन ती वाजायला लागली होती. दुसरा गूळ नव्हता. मी तसेच लाडू वळले, हात पोळून घेतले. थंड झाल्यावर एक चावून बघितला तर दाढच कळवळली. तरी पितळी डब्यात ते नीट रचले, झाकण लावलं, पदरानं पुसलं आणि मधल्या दाराशी गेले. कडीला हात लावला. पलीकडे पाहुणे आले होते. कपबश्या वाजत होत्या, कुणीतरी मोठ्यानं हसलं. मी हात काढून घेतला आणि डबा तिथंच पाटावर ठेवला. पाहुणे गेल्यावर देऊ, म्हटलं. पुन्हा एकदा, सावकाश.

तेवढ्यात परड्याच्या बाजूनं वन्सं आत आल्या.

"मालन, कपबश्या असतील तर दे चार. आनि तू हितं काय करालीस? पोरीची चुलती हाईस का पाव्हणी? चल की सोप्यात..." आणि त्या थांबल्या.

वाकून त्यांनी डबा उचलला. कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला.

"वन्सं, मी देणारच होतो. आत्ताच..."

"आत्ताच?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "वैनी बापडी आठवंना म्हणत बसलीया. आनि तू कुडाच्या अलीकडं ऐकत बसलीयास."

त्यांनी कडी काढली, दार ढकललं आणि आक्काच्या चुलीशेजारून तडक सोप्यात गेल्या. मी पदर सावरत मागोमाग धावले. काय करणार होते कुणास ठाऊक, डबा त्यांच्या हातातून ओढून घेणार होते बहुतेक.

सोपा भरलेला होता. घोंगड्यांवर पाहुणे, भिंतीशी बायका, मधे पाटावर अंजी मान खाली घालून बसलेली. आमचे मालक अगदी दाराजवळ, अर्धे आत अर्धे बाहेर असे बसले होते. भावानं बोलावलं म्हणून आले होते आणि आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते.

"गावला!" वन्संनी डबा वर धरला. "हुडकून हुडकून दमलो, तर ह्यो आमच्या धाकटीच्या चुलीपाशी! माणसानं आपल्याच घरात कुलपं लावायची येळ आली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलाच्या आईनं माझ्याकडे बघितलं, मग अंजीकडे बघितलं, आणि पुन्हा माझ्याकडे. ती बाई मनात काय म्हणतेय ते मला कळत होतं. ह्या घरातली पोरगी करायची का? थोरले दीर मालकांकडे बघत होते. मालकांना डब्याचं काहीच माहीत नव्हतं. त्यांची मान खाली गेली, आणि ती माझ्यामुळे गेली.

मला जमीन दिसत होती फक्त. आदल्या दिवशी ती सारवायला मीही हात लावला असता तर काय झालं असतं, असला काहीतरी विचार तेव्हा डोक्यात आल्याचं आठवतं.

"गावला म्हंजे?" आक्काचा आवाज आला. ती चहाचं ताट घेऊन उभी होती. "हरवला कवा होता? मीच दिलाय तिच्याकडं."

"अगं, मघाशी तर आठवंना म्हणालीस!"

"कामाच्या घाईत काय आठवतंय, वन्सं. लाडू करायला दिला होता. नाचणीचे. आमच्या मालनसारखे नाचणीचे लाडू कुणाला यायचे न्हाईत." तिनं ताट खाली ठेवलं, वन्संच्या हातातून डबा घेतला आणि झाकण काढलं. आत काय आहे हे तिला माहीत नव्हतं. काही नसतं तर? एवढं बोलून झाल्यावर आत पिठाचे किडे निघाले असते तर? पण ती थांबली नाही. आत बघितलं, लाडू दिसले, तेव्हा फक्त तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला, कारण मी अगदी तिच्या मागे उभी होते.

तिनं पहिला लाडू मुलाच्या आईच्या हातावर ठेवला. सगळ्यांना एकेक दिला. थोडा वेळ सोप्यात नुसता कटाकट आवाज.

"लाडू हाय का सुपारी म्हणायची?" मुलाचे मामा म्हणाले, आणि हशा झाला.

"चावायचा नसतोय त्यो, मामा, चघळायचा असतोय," आक्का अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाली. तिनं स्वतः एक आख्खा गालात धरला आणि तशीच चहा देत फिरली. मुलाच्या आईनं दोन-तीनदा दात लावून बघितले, मग हसली आणि म्हणाली, "चव बरी हाय. वाटंनं चघळाय बरा." तिनं लाडू रुमालात बांधून घेतला. मग अंजीला जवळ बोलावून कुंकू लावलं.

मी मागच्या मागे माझ्या घरात आले. आक्कानं चारचौघांत माझ्या झिंज्या उपटल्या असत्या तरी चाललं असतं. तेवढी तयारी मी वर्षभर केली होती. तोंडात उत्तरंही तयार होती. ह्याची तयारी नव्हती. चुलीपाशी बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. कुसू माझ्या पाठीवर थापटत राहिली.

ऊन उतरलं, पाहुणे गेले, वन्संही गेल्या. पलीकडे म्हैस धारेसाठी हंबरत होती. तेव्हा मधल्या दारावर थाप पडली. कडी दुपारपासून उघडीच होती, तरी तिनं थाप मारली.

"या आक्का," मी म्हणाले.

ती आत आली नाही. उंबऱ्यावरच बसली, डबा मांडीवर घेऊन. कुसू गेली आणि तिच्याजवळ उभी राहून डब्याच्या झाकणाशी खेळायला लागली.

"मी चोरला न्हाई, आक्का."

"ठावं हाय."

"रिकामा कसा देऊ, म्हणून ऱ्हायला. रेडी व्याली की खरवस घालून देणार होतो. मग..."

"ठावं हाय गं."

"मग मागायचा तरी. तुमी एकदा बी मागितला न्हाई. नुसतं तोंड फिरवून जायचासा."

आक्का कुसूच्या केसांतून हात फिरवत होती. "मी डब्यासाठी येतच न्हवतो," ती म्हणाली.

"येत न्हवता म्हंजे? कुठं येत न्हवता?"

"हितं. दुपारचं. गडीमाणसं शेताकडं गेली की यायचो. दार ढकलून बघायचो तर कडी असायची. मोठ्यानं हाक मारावी तर कुणीतरी ऐकणार, परत त्या दोघांचं भांडान. वाटायचं, कडी वाजली की उठशील. पेला असायचा हातात. कुसूला दूध."

मी मधल्या दाराच्या कडीकडे बघितलं.

"तू आतनं हाड म्हणायचीस," आक्का सांगत होती. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती आपली झालं ते सांगत होती. "पयल्यांदा वाटलं, रागात हाय, निवळंल. चार दिवस थांबून परत यायचो. दर खेपंला तेच. लाज न्हाई वाटत, वाटण्या झाल्या तरी हितंच तोंड घालाय येतीस. शेवटाला मी बी म्हटलं, खरं हाय तिचं. आता माझं हितं काय ठेवलंय."

"आक्का," मी म्हणाले. "मला वाटलं मनी हाय."

"कोण मनी?"

"तुमची मांजर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती, तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं बया! अगं, त्यो पेला घेऊन मी मागारी जायचो आनि रागानं त्या मनीम्होरंच वतायचो! म्हणून तर ती रांड येवढी माजलीया!"

तिचं हसू थांबेना. मला हसू आलं नाही. माझी पोर पेज पीत होती, तिच्या वाटचं दूध दाराशी येत होतं, आणि मी आतून त्याला हाकलत होते. आणि पुन्हा मांजरीच्या पोटाकडे बघून आक्कालाच शिव्या देत होते. मान वर करून तिच्याकडे बघणं मला जमेना. सांगायचं नव्हतं, तरी तोंडातून बाहेर पडलं.

"आक्का, माझ्याकडं दूध न्हाई."

तिचं हसू थांबलं.

"दूध न्हाई, तूप न्हाई, काय न्हाई. पोरगी नुसत्या पेजेवर हाय. मी गावात खोटं सांगतो."

वर्षभरात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, मालकांशीही सरळ बोलले नव्हते. आक्का डबा घेऊन उठली आणि गेली. मी मेल्याहून मेल्यासारखी बसून राहिले. गोठ्यातून धारेचा आवाज यायला लागला, आधी रिकाम्या पितळेवर वाजणारा, मग भरत भरत जाड होत जाणारा.

ती आली तेव्हा डब्यात काठोकाठ दूध होतं, वर फेस. या खेपेला ती उंबरा ओलांडून आत आली, डबा माझ्या चुलीपाशी ठेवला आणि दम भरल्यासारखं बोट उगारून म्हणाली, "उद्या सकाळी मला डबा पायजे. रिकामा. आत चिमूटभर साखर जरी घातलीस तरी मी तुला दारातनं हाकलीन. हाड म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकामा डबा घेऊन तिच्या चुलीपाशी गेले. तिनं झाकण काढून आत बघितलं, खात्री करायला पालथा करूनही बघितला आणि परत भरून दिला.

दुपारी कुसू दूध पिऊन झोपली. मी जरा पाठ टेकली, एवढ्यात मधलं दार हललं. मी धडपडत उठले, पदर नीट केला, "या आक्का, या" म्हणत दार पुरतं उघडलं. दारात मनी होती. मी तिलाही आत घेतलं आणि वाटीत थोडं दूध घातलं.